स्वतः आखलेला प्रवास: टूरवाल्यांना सोडचिठ्ठी दिलेले कोण कोण आहेत इथे?

रामबागकर_वहिनी | १२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

भिया राम, मंडळी!

गेली बावीस वर्षं आमच्या घरचा प्रवास म्हणजे टूरवाल्यांबरोबरचा प्रवास. पैसे भरायचे, टोपी आणि बॅग घ्यायची, सकाळी सहाला चहा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. उगाच नावं ठेवणार नाही. मुलं लहान होती, मला शाळा, यांना बँक. त्या लोकांनी कुठेही खाण्यापिण्याची आबाळ होऊ दिली नाही. केरळातसुद्धा आम्ही पुरणपोळी खाल्ली आहे. (का खाल्ली, हे आता विचारू नका.)

बिनसलं ते वेरूळला. डोंगर वरून खाली कोरत आणला, आधी कळस आणि मग पाया, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले. प्रत्यक्ष कैलास लेण्यात उभी राहिले तर तोंडातून शब्द फुटेना. खाली जोत्याला हत्तींची रांग आहे ना, अख्खं देऊळ पाठीवर घेतल्यासारखी? मी एकेक हत्ती बघत तिसऱ्यापाशी आले आणि शिट्टी वाजली. खरोखरची शिट्टी. चाळीस मिनिटं संपली होती. त्यानंतर शालींच्या दुकानात मात्र दीड तास.

मार्चमध्ये निवृत्त झाले. दिवाळीचे डबे रिकामे झाले तसं यांना सांगितलं, जानेवारीत वेरूळला परत जायचं, आणि या वेळी मी आखणार. इंदूरहून बुऱ्हाणपूर, अजिंठा, वेरूळ. पाच रात्री. हे म्हणाले, "आपण काय टूर कंपनी आहोत का?" मी दोनशे पानी वही आणली.

आता खरी गंमत सांगते. तीन आठवडे झाले, घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, पण मी फिरतेच आहे. भाजी फोडणीला टाकताना डोक्यात विचार असतो की जळगावहून अजिंठ्याजवळच्या फर्दापूरची एसटी पकडायची की बुऱ्हाणपूरहूनच गाडी करायची. रात्री नकाशा उघडला की बारा कधी वाजतात कळत नाही. एवढा अभ्यास मी बी.एड.लाही केला नव्हता.

आणि आमच्या सासूबाई. वय ८६, गुडघे गेलेले, जिना उतरून वर्ष झालं. त्यांचं माहेर खंडव्याचं. मी वहीत रस्ता लिहीत होते: सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्का, सनावद, खंडवा. सहज मोठ्याने वाचलं. तर पलंगावरून आवाज आला, "भेरूघाटानंतर बलवाडा राहिला." तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावला की विचारतात, "आज कुठवर पोचलो?" पोचलो! मी खंडव्यात कुठे थांबणार नाही म्हटलं तर दोन दिवस अबोला होता. म्हणून आता खंडव्यात चहाचा थांबा वहीत आहे.

तर तुमचे अनुभव लिहा. कोण स्वतः आखतं, कसं आखतं, आणि त्यात तुम्हाला काय मिळतं?

---

रतलाम_मंडळ | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४५

वहिनी, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. बलवाडा बरोबर आहे, आणि त्या रुळावरच्या बाई दिसतात. मीटर गेजवर, म्हणजे जुन्या अरुंद रुळांवर, खंडव्याकडून येताना सनावद, मोरटक्का, बडवाह, बलवाडा, चोरल आणि मग कालाकुंड. कालाकुंडला गाडीला मागून जादा इंजिन लागायचं, पातालपाणीचा घाट चढायला. तेवढ्या वेळात फलाटावर पानात बांधलेला कलाकंद. त्यांना विचारा, आठवत असेल.

मी रेल्वेत ३४ वर्षं काढली. माझा छंद म्हणजे वेळापत्रक वाचणं. लोक कादंबरी वाचतात तसं मी वाचतो. अमुक गाडी भुसावळला पहाटे पोचते, तमुक तिथून चाळीस मिनिटांनी सुटते, म्हणजे मधे चहा आणि तोंड धुणं बसतं की नाही? पुष्कळदा जायचंही नसतं. बायको म्हणते, हा माणूस बसल्या जागी गुवाहाटीला जाऊन येतो.

दोन कामाच्या गोष्टी सांगतो, कारण हल्ली खिडकीवर कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

एक, तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं असेल तर वाटेत एकदा उतरून मुक्काम करता येतो, १००० च्या वर असेल तर दोनदा. पहिला मुक्काम ५०० किलोमीटर झाल्यावरच. उतरल्याचा आणि पुन्हा निघण्याचा दिवस सोडून दोन दिवस राहता येतं. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना हे लागू नाही. पुढच्या टप्प्याचं आरक्षण आधीच करून ठेवायचं.

दोन, वर्तुळाकार प्रवासाचं तिकीट. जिथून निघालात तिथेच परत यायचं आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं. तुटक तुटक तिकिटं काढली तर प्रत्येक वेळी भाडं पहिल्या किलोमीटरपासून चढं लागतं. सलग तिकिटात जसजसं अंतर वाढतं तसतसा दर उतरत जातो, म्हणून स्वस्त पडतं. हे घरबसल्या फोनवर निघत नाही, रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे मार्ग लिहून द्यावा लागतो. १९९८ साली मी आईवडिलांना असं तिकीट काढून दक्षिण दाखवली. तो मार्ग मी महिनाभर कागदावर खोडून खोडून बसवला होता. वडील गेले, तो कागद अजून आहे.

तुमच्या मार्गाला मात्र यातलं काही उपयोगाचं नाही. घाटातून खंडव्याला जाणारी मीटर गेजची गाडी बंद झाली, खंडव्याला बसच बरी. बुऱ्हाणपूर ते जळगाव तेवढी गाडी घ्या, मुख्य मार्ग आहे.

---

पोहे_जीरावन | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

काकू, दोनशे पानी वही!! 😄 अहो फोनला विचारा, दोन मिनिटांत पाच दिवसांचा प्लॅन हातात. मी गोव्याचा असाच केला होता.

---

रामबागकर_वहिनी | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

अरे बाळा, विचारून झालं. भाच्याने करून दिला. झकास तक्ता आला, रंगीबेरंगी. फक्त त्यात अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी होतं. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी! इतका नेमका मुहूर्त ठरवूनही काढता आला नसता.

पण खरं सांगू, बरोबर आला असता तरी मी तो वापरला नसता. डाळ-बाफले बाहेरून मागवता येतातच की. तरी रविवारी लोक घरी करतातच ना, घर धुराने भरवून?

---

नीलकंठ७ | १३ नोव्हेंबर, दुपारी १:०५

वहिनी, दोन सूचना. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी गेलात तर दर्शनी भाग सावलीत असतो. कैलास, म्हणजे १६ नंबर, दुपारनंतर बघा. ऊन आत येतं आणि दगड रंग बदलतो. सकाळी १ ते १२ ही बौद्ध लेणी करा, किंवा थेट ३० ते ३४ या जैन लेण्यांकडे जा, तिथे गर्दी नसते. एकूण ३४ आहेत, सगळी बघायचा हट्ट नको.

दुसरं, बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा चुकवू नका. तोच रहीम ज्याचे दोहे आपण शाळेत पाठ केले, तो खानखाना बुऱ्हाणपूरला मुघलांचा सुभेदार होता, तेव्हा सतराव्या शतकात झालेलं काम. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचं. वर विहिरींच्या तोंडांची रांग दिसते, खाली त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. ना मोट, ना रहाट.

मुमताजही तिथेच गेली, १६३१ साली, बाळंतपणात. आधी तापीपलीकडे आहुखाना नावाच्या बागेत पुरलं, काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहालासमोर फोटो काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

आखणीचा मला मिळणारा फायदा हाच, की जायच्या आधी जागेशी ओळख झालेली असते. लग्नघरात कुणाला ओळखत नसलं की माणूस जेवून निघतो. दोन माणसं ओळखीची असली की रमतो.

---

सुदामानगरी | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

सगळे इतके खुशीत आहात की बोलू की नको असं झालं. पण बोलते.

आमच्याकडे "स्वतः आखलेला प्रवास" म्हणजे "तिने आखलेला प्रवास". तिकिटं मी बघायची, हॉटेल मी, औषधं मी, कुणाला गाडी लागते, कुणाला कांदा चालत नाही, हे सगळं माझ्या डोक्यात. खोली चांगली निघाली तर "नशीब चांगलं", गळकी निघाली तर "तू बुक केली होतीस ना?" सिमल्याला गिझर चालेना तेव्हा सासरच्या सात माणसांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वायर कापली.

टूरबरोबर गेले तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा मला कुणीतरी ताट वाढून हातात दिलं आणि उद्या काय करायचं हे विचारलं नाही. मला त्या शिट्टीचा राग येत नाही वहिनी. ती शिट्टी निदान मला वाजवावी लागत नव्हती.

---

रामबागकर_वहिनी | १३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सुदामानगरी, तुमचं वाचून चहा गार झाला. खरं आहे. सात माणसांचं आखणं म्हणजे लग्नाची पंगत सांभाळणं, त्यात कसली हौस? माझी हौस आत्ता उगवली, कारण मुलं आपापल्या गावी आहेत आणि बरोबर फक्त हे. यांना खिडकीजवळची जागा आणि दुपारी झोप मिळाली की बास. तेव्हाच्या मला कुणी वही दिली असती तर मी ती फेकून मारली असती.

एक विचारू? कधी एकट्यासाठी आखलंय? एका दिवसाचं? महेश्वरला सकाळी जाऊन घाटावर बसून संध्याकाळी परत, असं?

---

सुदामानगरी | १३ नोव्हेंबर, रात्री १०:०२

एकटी? घरी काय सांगू, साडी घ्यायला चालले?

---

रतलाम_मंडळ | १३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

महेश्वरला साडी घ्यायला जाणं हे संपूर्णपणे मान्य कारण आहे. आमच्या घरी कित्येक वर्षं चालतं.

---

तळघर | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मी दुसऱ्या टोकाचा रोगी. हंपीला गेलो तेव्हा पंधरा-पंधरा मिनिटांचा तक्ता केला होता. ९:०० विठ्ठल मंदिर, ९:४५ राजतुला, असं. मित्र त्याला "तळघरचं पंचांग" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी तुंगभद्रेच्या काठी टोपलीसारख्या गोल होड्या दिसल्या. सगळे बसायला निघाले आणि मी घड्याळ दाखवत म्हणालो, "तक्त्यात नाही." ते गेले. मी तक्त्याप्रमाणे एका देवळात गेलो. तिथे मी आणि एक बकरी. मीच माझ्यावर शिट्टी वाजवली होती, वहिनी.

तेव्हापासून दिवसाला दोनच गोष्टी पक्क्या करतो, आणि दुपार मुद्दाम रिकामी ठेवतो. पण आखणी सोडली नाही. रिकामी दुपारसुद्धा आखावी लागते, नाहीतर तिथे लगेच कुणीतरी शॉपिंग भरतं.

आणखी एक. २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, १५३० माणसांचा. सुट्टीला जाणारे लोक निघायच्या आधीच, न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदात होते. परत आल्यावर मात्र बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरला नव्हता. अगदी निवांत सुट्टी झालेल्यांचा थोडा अपवाद. म्हणजे वहिनींची फोडणी टाकतानाची सहल शास्त्राला धरून आहे.

---

एक_तारी_पाक | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

इतकी चर्चा झाली, कुणी बुऱ्हाणपूरच्या मावा जिलबीचं नाव काढलं नाही? काळपट, जाडजूड, खव्याची. एक खाल्ली की दुपारचं जेवण रद्द. आणि दराबा आणा. रवा, साखर, तूप फेटून फेटून इतकं हलकं करतात की जिभेवर ठेवलं की गायब.

माझी आखणी नेहमी उलटी असते. आधी कुठे काय खायचं ते लिहितो, मग त्या दोन खाण्यांच्या मधे जे देऊळ, किल्ला, धबधबा येईल तो बघतो. आजवर काही चुकलं नाही.

---

पोहे_जीरावन | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:३४

भिया, इंदूरचा माणूस बुऱ्हाणपूरच्या जिलबीची तारीफ करतोय? सराफ्याच्या खाऊबाजारात पाय ठेवू देणार नाहीत.

---

एक_तारी_पाक | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:४१

ती जिलबी वेगळी, ही वेगळी. आईवर आणि मावशीवर एकाच वेळी प्रेम करता येतं.

*(यापुढचे जिलबीवरचे एकोणीस प्रतिसाद "खाऊगल्ली" विभागात हलवले आहेत. मूळ विषयावर या. – व्यवस्थापक)*

---

पोहे_जीरावन | १९ नोव्हेंबर, रात्री ११:५०

काकू, एक कबूल करतो. तुमचं वाचून मी एप्रिलसाठी मित्रांबरोबर स्पितीचं बघत होतो. स्वतः. तेव्हा कळलं की मनालीकडून जायचा कुंझुम घाट एप्रिलमध्ये बर्फाने बंद असतो, सिमला-किन्नौरकडून जावं लागतं. फोनने मनालीकडूनच पाठवलं होतं. मग किन्नौर वाचत बसलो, आणि आता मला स्पितीपेक्षा किन्नौरलाच जावंसं वाटतंय. मित्र वैतागलेत. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठच दिवस आधी उघडतं, तोपर्यंत भांडायला भरपूर वेळ आहे.

---

नीलकंठ७ | २० नोव्हेंबर, सकाळी ९:००

हे झालं खरं. शोधायला गेलास एक, सापडलं दुसरं. पुस्तिकेतून निवडणाऱ्याला पुस्तिकेबाहेरचं कधी हवंसं वाटतच नाही, कारण ते दिसतच नाही.

---

सुदामानगरी | ८ डिसेंबर, रात्री ८:२५

गेले होते. महेश्वर. एकटी. साडी घेतली नाही.

सकाळची बस, धामनोदला बदलली. किल्ल्याच्या पायऱ्या उतरून घाटावर बसले, तीन तास. कुणाला भूक लागली का विचारलं नाही, कारण कुणी नव्हतं. मला लागली तेव्हा जेवले. अहिल्याबाईंच्या वाड्यात त्यांची राजगादी बघितली. एवढी साधी, पांढरी बैठक! याच बाईंनी काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं बांधली. त्यांचं आखणं कोण बरं करत असेल, असा विचार आला. मग हसू आलं, स्वतःच करत असणार.

घरी वरण-भात लावून गेले होते. तरी परत आल्यावर "आज जेवायला काय?" हे होतंच. ते काही आखणीने सुटणारं नाही.

---

तळघर | ८ डिसेंबर, रात्री ८:५०

🙏 बकरी भेटली का?

---

सुदामानगरी | ८ डिसेंबर, रात्री ८:५८

दोन.

---

रामबागकर_वहिनी | २७ जानेवारी, रात्री १०:२०

आलो परत! उशीर झाला लिहायला, पाच दिवसांचे कपडे आणि सासूबाईंचे प्रश्न, दोन्ही उरकत होते.

आधी चूक सांगते, कारण ती शंभर टक्के माझी. फर्दापूरची खोली मी एक दिवस आधीची घेऊन ठेवली होती. वहीत तारीख बरोबर, फोनवर बोटाने चुकीची दाबलेली. रात्री साडेसातला दारात उभे, आणि मालक म्हणतो, तुम्ही तर काल यायचे होते. मी यांच्याकडे बघितलं. सुदामानगरी, मला तुमचा गिझर आठवला! पण हे बाकावर बसले आणि म्हणाले, "बावीस वर्षांत पहिल्यांदाच आपण हरवलोय, जरा बसू दे." मालक भला, त्याने मागची लहान खोली उघडून दिली. खिडकी नव्हती, पण पिठलं-भाकरी अशी की काय सांगू.

बुऱ्हाणपूरला कुंडी भंडाऱ्याच्या तोंडाशी वाकून ऐकलं, खालून पाण्याचा आवाज येतो. जिलबी एकच खाल्ली, जेवण रद्द झालं, एक_तारी_पाक यांचं म्हणणं तंतोतंत. अजिंठ्यात मी जास्त लिहिणार नाही. अंधारात डोळे सरावायला वेळ लागतो, मग भिंतीतून एकेक चेहरा पुढे येतो. तो वेळ माझ्याकडे होता, एवढंच.

वेरूळ गुरुवारी, जैन लेणी आधी, कैलास तीन वाजता. नीलकंठ, ऊन खरंच आत येतं. हत्ती मोजायला सुरुवात केली. सोंडा तुटलेले, झिजलेले, एक जरा मान वळवल्यासारखा. प्रदक्षिणा घालता घालता आकडा दोनदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून. हे सावलीत बसून शेंगा खात होते. शेवटी आकडा किती आला ते लिहीत नाही, तुमचे तुम्ही जाऊन मोजा. बंद व्हायची वेळ झाली तेव्हा रखवालदाराने शिट्टी वाजवली आणि मी इतकी दचकले की तोच घाबरला.

सासूबाईंना रोज रात्री फोनवर हकिगत द्यावी लागायची. खंडव्यातला चहा सविस्तर, कपबशी कशी होती इथपर्यंत. कालाकुंडच्या कलाकंदाचं त्यांना विचारलं होतं, रतलाम_मंडळ. म्हणाल्या, सासरी येताना पहिल्यांदा खाल्ला, रडत रडत, म्हणून गोड होता की नाही ते आठवत नाही.

आल्या आल्या पहिला प्रश्न: "मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदेत पैसा टाकलास ना?" त्यांनी निघताना पदरात बांधून दिलेलं नाणं. हो म्हटलं. टाकलं होतंच, बसच्या खिडकीतून, चांगला नेम धरून. पण बस हलली आणि ते कठड्याला लागून पुलावरच पडलं, मागून येणाऱ्या ट्रकखाली. हे त्यांना सांगितलेलं नाही. त्या इथे वाचत नाहीत.